कानशीचा चाकू, डाव्या हाताचा

मी, सहदेव गणूजी अकर्ते, वय वर्षे त्रेसष्ट, धंदा शेती व संत्र्याची पन्हेरी, म्हणजे कलमी रोपांची वाडी, राहणार शेंदूरजनाघाट, तालुका मोर्शी, जिल्हा अमरावती, हा कागद माझ्या घराच्या ओसरीवर बसून, लख्ख उजेडात, स्वतःच्या हाताने लिहितो. माझी बुद्धी शाबूत आहे. याबद्दल कोणास शंका असल्यास त्याने माझ्याशी संत्र्यांचा सौदा करून पाहावा. मी कसलीही नशा केलेली नाही. माझ्यावर जबरदस्ती करू शकेल असे या घरात एकच माणूस आहे, आणि ते सध्या मळ्यात गेले आहे.

कारण असे की, अमरावतीच्या डॉक्टरांनी माझ्या छातीला नळी लावली आणि जे सांगायचे ते माझ्याकडे न पाहता माझ्या बायकोकडे पाहून सांगितले. मी समजायचे ते समजलो.

राजापेठेतील वकील हरिहरपंत यांनी मला एका पानाचा मसुदा करून दिला होता. तो मी घरी आणून बाजूला ठेवला व हा लिहायला घेतला. हे सांगितले तेव्हा ते म्हणाले, "सहदेवराव, मृत्युपत्रात मालमत्ता लिहायची असते, चरित्र नव्हे." मी म्हणालो, "पंत, कोनाले काय देल्लं ते लिवलं का लोक इचारतीन, काहून देल्लं? तवा सांगाले मी राहीन काय?" पंत हसले. म्हणाले, लिहा, पण प्रत्येक पानावर सही करा, आणि खाडाखोड झाली तर तिच्याशेजारीही करा. तसे करीत आहे.

कलम पहिले. घरदाराच्या आधी माणूस. जमुना, नवऱ्याचे नाव देवमन, ही माझी लेक आहे. हा कागद मुख्यतः एवढ्यासाठीच आहे की माझ्या मागे पन्हेरी तिच्याकडून कोणी काढून घेऊ नये, आणि "ती सहदेवची कोण?" असे कोणी विचारू नये.

विचारणारे विचारतात, कारण जमुना माझ्या पोटची नाही. माझी पहिली बायको मूलबाळ न होता वारली. सन १९५० साली मी पार्बताबाईशी पाट लावला. तीही विधवा होती, आणि जमुना तिच्या पहिल्या घरची. सात वर्षांची होती. आमच्या जातीत पाट चालतो, त्यात कोणी तोंड लपवण्यासारखे काही नाही. पण पाटाच्या बायकोसोबत आलेल्या पोरीला लोक पाहुणीसारखी वागवतात. कधी तरी जाईलच, असे धरून चालतात. माझा धाकटा भाऊ उत्तमराव पाटाच्या दिवशी जेवायला आला नाही. त्याच्या सासरकडच्यांनी त्याला टोमणे मारले होते, आणि ते त्याने व्याजासकट माझ्याकडे पोचते केले.

कलम दुसरे. राहते घर, त्यातील भांडीकुंडी व पोस्टातील शिल्लक पार्बताबाईस, ती हयात असेपर्यंत, नंतर जमुनेस. पार्बताबाईने माझ्यामागे कोणाच्याही दारी जाऊन राहू नये. तिला कोणाकडचे पाणीसुद्धा आवडत नाही, उगाच दोन्ही घरांची शांती जाईल. माझ्या तेरवीला बुंदी करू नये. मला ती कधीच आवडली नाही, आणि मेल्यावर तरी माझ्या नावाने नावडते खाऊ घालू नये.

कलम तिसरे. ऑइल इंजिन व पाण्याचे पाइप जावई देवमन यास. इंजिन माझ्या हाताने तीनदा ओढावे लागते. तो मात्र आधी त्याच्याशी बैलाशी बोलावे तसे दोन शब्द बोलतो आणि ते सुरू होते. यामागचे शास्त्र मला कळलेले नाही.

कलम चौथे. पुतण्या पुंजाराम, म्हणजे उत्तमरावाचा मुलगा, यास माझे मनगटी घड्याळ. तो अकोल्यात तेलाच्या गिरणीत कारकून आहे. दिवाळीला येतो आणि पन्हेरीच्या बांधावर उभा राहून म्हणतो, "काकाजी, विकून टाका हे. अकोल्यात प्लाट घेऊ." हे 'घेऊ' कोणाचे, ते मी विचारलेले नाही. मुलगा वाईट नाही. आमच्या आजारपणात मात्र नेहमी उशिरा पोचतो, म्हणून घड्याळ.

कलम पाचवे. चाकूबद्दल. हे कलम लांबेल. पंतांनी वाचताना सोडून दिले तरी चालेल, बाकीच्यांनी सोडू नये.

जमुना घरी आली तेव्हा ती माझ्याशी थेट बोलत नसे. मी समोर बसलेलो असताना ती आईला सांगे, "त्याइले मना, भाकर वाढली." मी आईला सांगे, "तिले मना, हात धुऊन येतो." ती मला काका म्हणत नसे, बाबा तर नाहीच. पार्बताबाई रागावे. मी म्हणे, राहू दे, पोरीला जुना बाप आठवत असेल, तिच्या तोंडात शब्द कोंबू नको. असे म्हणत होतो खरा, पण मनाला लागत होते. मला कोणीच कधी बाबा म्हटलेले नव्हते.

बारा वर्षांची झाली तशी ती थंडीत डोळे भरणाऱ्या बायांजवळ येऊन बसू लागली. या कामाची माहिती नसणाऱ्यांसाठी लिहितो. संत्र्याचे बी लावून आम्ही संत्रा करीत नाही. जंबेरी नावाच्या खरबरीत लिंबाचे रोप वाढवतो, त्याच्या सालीला चीर देतो, आणि चांगल्या संत्र्याच्या काडीवरचा एक डोळा सालीसकट काढून त्या चिरेत बसवतो. वरून केळीच्या सोपाने, म्हणजे खोडाच्या वाळल्या सालीने, बांधतो. डोळा पातळ निघाला पाहिजे, त्याला लाकूड लागता कामा नये. सगळे चाकूवर असते.

जमुना डावरी. तिचे डोळे वाळू लागले. एका वाफ्यात एकही लागला नाही. उत्तमची पन्हेरी आमच्याला लागूनच आहे. तो बांधावरून म्हणाला, "दादा, डावऱ्या हाताचा डोळा लागत नसते. तिचा हातच सांगून राहिला का हे काम तिचं नोय." बायांनी माना हलवल्या. डाव्या हाताने आपण कोणाला प्रसाद देत नाही, मग झाडाला डोळा कसा द्यायचा, असे सगळ्यांना पटले. पार्बताबाईने तिला उजव्या हाताने कामाला बसवले. पोरीने पहिल्याच दिवशी अंगठा कापून घेतला आणि रडलीसुद्धा नाही, ते मला जास्त वाईट वाटले.

मी तिच्या मागे बसून पाहत राहिलो. आमच्या कलमाच्या चाकूला एकाच बाजूने धार काढलेली असते. दुसरी बाजू सपाट. सपाट बाजू काडीला टेकवून चाकू ओढला की डोळा पातळ निघतो. पण हे सगळे चाकू उजव्या हाताचे. डाव्या हातात धरला की धारेची उतरती बाजू काडीकडे जाते आणि पाते आत घुसते. पोरीचा हात बरोबर होता. चाकू उलटा होता.

लोहाराकडे गेलो. तो म्हणाला, "उलट्या धारेचा चाकू म्या कधी केला नाही. घरात सारंच उलटं होईन." मी त्याला सांगितले की माझ्या घरात आधीपासूनच उलटे आहे, बायको हुकूम देते आणि मी ऐकतो. तरी ऐकेना. मी चिडलो आणि ठरवले, आपणच करू.

जन्मभर चाकू वापरणे आणि चाकू करणे यांत भाकर खाणे आणि भाकर थापणे इतके अंतर आहे, हे मला नंतर कळले.

मूर्तिजापूरला एका बागाईतदाराकडे रोपे पोचवायला गेलो होतो. तिथे लहान गाडीच्या स्टेशनाबाहेर भंगार विकणारा बसतो, त्याच्याकडून एक जुनी चपटी कानस आणली. दात झिजून गेलेले, कोणाच्या कामाची नाही. पण कानस लोखंडाला खाते, म्हणजे ती लोखंडाहून कडक असणारच, एवढा हिशोब मी केला होता. अशी कडक कानस तशीच घासता येत नाही, आधी नरम करावी लागते. अंगणात कोळशांची शेगडी पेटवली. जमुना न बोलावता आली आणि फुंकणी घेऊन बसली. कानस लालभडक झाल्यावर राखेत पुरून ठेवली, सावकाश निवू दिली. दुसऱ्या दिवशी नव्या कानशीने ती जुनी कानस घासली, दगडावर दात पार उडवले, पात्याचा आकार दिला. सपाट बाजू कोणती ठेवायची ते जमुनेच्या डाव्या मुठीत धरवून खडूने खूण केली.

मग पाणी द्यायचे होते, म्हणजे तापवून एकदम बुडवायचे, त्याने पाते कडक होते. मी ते लाल करून विहिरीच्या थंडगार पाण्याच्या बादलीत सोडले. टिच्, असा आवाज आला. वर काढले तर पाठीपासून धारेपर्यंत चीर. चार दिवसांची मेहनत. मी तोंडातून जे शब्द काढले ते सरकारी कागदावर लिहिता येत नाहीत.

जमुनेने फुंकणी खाली ठेवली. मग घराकडे तोंड करून म्हणाली, "आई, त्याइले मना, अर्धी कानस अजून हाय."

तिची आई तेव्हा घरात नव्हती. बाजारात गेली होती.

दुसऱ्या तुकड्याला मी पाण्याऐवजी जवसाच्या तेलात बुडवले. तेलाने पेट घेतला, माझी डावी मिशी गेली, पण पाते शाबूत राहिले. असे पाते काचेसारखे असते, पडले की तुटते. ते घासून चकचकीत करावे आणि थोडे परत तापवावे लागते. चुलीवर तवा ठेवला, तव्यात वाळू, वाळूवर पाते. दोघे वाकून पाहत होतो. पाठीकडून हळूहळू गव्हाच्या काडीचा रंग चढत आला. तो धारेपाशी आल्याबरोबर मी ओढून काढले. तो तवा पार्बताबाईचा भाकरीचा होता. त्यावर भाकर चिकटते ती आजतागायत, आणि प्रत्येक भाकरीला मला ऐकावे लागते. वाळलेल्या संत्र्याच्या खोडाची मूठ केली, लाखेने बसवली आणि निसण्यावर धार लावली. एकाच बाजूने, उलट्या.

झाल्यावर तो तिला द्यायला मी हात पुढे केला. आपल्याकडे मीठ, मिरची आणि चाकू कोणी कोणाच्या हातात देत नाही. दिला तर दोघांचे भांडण होते. खाली ठेवायचा, घेणाऱ्याने उचलायचा. मी आनंदात विसरलो. जमुनेने पटकन हात मागे घेतला आणि म्हणाली,

"हाती नोका देऊ, बाबा. खाली ठेवा. आपलं भांडन होईन."

आईला नाही, मला म्हणाली. माझ्याकडे पाहून.

मी चाकू खाली ठेवला. मला काय वाटले ते लिहायला माझी व्हर्नाक्युलर फायनलपर्यंतची शाळा पुरत नाही. मला रडू आले. पोरीला सांगितले, धूर गेला डोळ्यात. शेगडी विझलेली होती. तिला माझ्याशी भांडण नको होते, एवढेच नाही. 'आपलं' म्हणाली होती. ज्यांना माझ्या बापपणाची तारीख हवी असेल त्यांनी पाटाचा दिवस धरू नये, हा दिवस धरावा.

त्या थंडीत तिचे डोळे लागले. काही वाळलेही. माझेही वाळतात.

आता हा चाकू मी कोणास देतो? कोणास नाही. तो जमुनेचा आहे, आणि दुसऱ्याची वस्तू मृत्युपत्राने देता येत नाही, असे पंत सांगतात. मी फक्त नोंद करीत आहे, म्हणजे उद्या कोणी घरातल्या हत्यारांची वाटणी करायला बसला तर त्याने त्याला हात लावू नये. शिवाय लावून उपयोग नाही, उजव्या हाताच्या माणसाला तो चालतच नाही.

कलम सहावे. ओढ्याकाठची पन्हेरी, जी वडिलोपार्जित नसून मी स्वतःच्या कष्टाने खरेदी घेतली व माझ्या नावे आहे, ती जमिनीसह, मातृवृक्षांसह व उभ्या रोपांसह जमुनेस. पूर्ण मालकीहक्काने. विकावी, ठेवावी, तिची मर्जी. ती विकणार नाही.

यावर उत्तमचे म्हणणे मला माहीत आहे. मागेच एकदा बोलणे झाले होते. तो म्हणाला होता, "दादा, पन्हेरी आपल्या रक्तात राहू दे. परक्याचा डोळा तो परक्याचाच." मी म्हणालो, "उत्तम, जंबेरीवर परका डोळा लावून जन्मभर पोट भरलं, अन् आता परक्याच्या डोळ्याले नावं ठेवतो? रक्ताचंच पाहिजे होतं त तू आन् मी लिंबं इकत बसलो असतो." तो उठून गेला. तेव्हापासून आमचे बोलणे बांधापुरते आहे.

कलम सातवे. तरी भाऊ तो भाऊ. विहिरीकडची जुनी संत्र्याची ओळ, जी आमच्या वडिलांनी लावली व वाटणीत चिठ्ठी टाकून मला आली, ती उत्तमरावास. त्याला ती तेव्हाही हवी होती. चिठ्ठी उघडली तेव्हाचा त्याचा चेहरा मला अजून दिसतो. त्याच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे आणि त्याला दवाखान्याची भीती वाटते. मागचे दोन हंगाम त्याच्या पन्हेरीतले डोळे जमुना भरून देते. त्याने तिला बोलावले नाही, तिने त्याला विचारले नाही. आपले काम आटोपले की चाकू घेऊन बांध ओलांडते. तो काठी टेकून उभा राहतो आणि चुका काढतो, ज्या त्याला दिसत नाहीत.

[कलम सातवे मी स्वतः खोडले आहे. शेजारी सही केली आहे. कारण पुढे लिहितो.]

इथपर्यंत लिहिले आणि उत्तम स्वतःच आला. ज्यांना मी साक्षीला बोलावले आहे त्या मास्तरांनी त्याला सांगितले असावे. ओसरीवर बसला आणि म्हणाला, "वाच."

मी वाचले. त्याच्याविषयीची वाक्ये गाळत गेलो. दोनदा थांबवून म्हणाला, "मधातलं काहून गाळून राहिला? डोये गेले माहे, कान नाही गेले." मग सगळे वाचले. सासरचे टोमणेही वाचले, लिंबे विकण्याचेही. चाकूच्या कलमाला तो खाली पाहत होता. सातवे कलम वाचले तेव्हा त्याने काठी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली.

मग म्हणाला, "पुंजाराम कोर्टात जाईन."

"जाईन," मी म्हणालो.

"साक्षीले कोन हाय?"

"चिंतामण मास्तर. दुसरा पाहतो कोनी तरी."

"कोनी तरी कामाचा नाही. पुंजाराम म्हनन, काकाजीले भूल पडली होती, बायकोनं लिवून घेतलं. त्याचा बापच साक्षीले असन त काय म्हनन?"

 मी सांगितले की तसे करता येत नाही. पंतांनी बजावले आहे की ज्याला या कागदाने काही मिळते त्याची साक्ष घेऊ नका, कोर्टात वाद होतो. सातव्या कलमाने त्याला ओळ मिळते आहे.

"मंग खोड सातवं."

"उत्तम, बाबानं लावलेली ओळ हाय. तुले पाहिजे होती ना?"

"पाहिजे होती. अजून पाहिजे हाय. खोड." मग म्हणाला, "संत्री त मी तोडूनच नेतो दरसाल. मले कोन अडवते?"

हे खरे आहे. मी कधी अडवले नाही, आणि जमुनेनेही अडवू नये, अशी सूचना येथेच लिहून ठेवतो.

मी विचारले, "काहून पन, उत्तम? इतके वर्षं परकी परकी करत होता."

तो एकदम चिडला. म्हणाला, "दोन वर्षापासून माह्या पन्हेरीत कोनाचा हात चालते, ते मले दिसत नाही असं वाटते काय तुले?"

मी सातवे कलम खोडले. खोडताना माझा हात हलला, म्हणून रेघ वाकडी आली आहे. ती भीतीने किंवा दबावाने हललेली नाही, हे कोर्टाने ध्यानात घ्यावे. मला माझा भाऊ परत मिळाला म्हणून हलली आहे.

कलम आठवे. सबब, विहिरीकडची ओळसुद्धा जमुनेस. याखेरीज माझी जी काही चीजवस्तू लिहायची राहिली असेल ती पार्बताबाईने पाहून घ्यावी. तिला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. यापूर्वी मी कोणतेही मृत्युपत्र केलेले नाही. सगळे वाचून पाहिले, मला मान्य आहे, आणि मन हलके आहे.

स्थळ: शेंदूरजनाघाट
तारीख: २२ जानेवारी १९६७, रविवार

सही: सहदेव गणूजी अकर्ते

साक्षीदार पहिला: चिंतामण बळवंत देव, शिक्षक, शेंदूरजनाघाट. लिहून देणार यांनी माझ्यासमोर शुद्धीवर असताना सही केली. दुसऱ्या साक्षीदारास दृष्टिदोष असल्याने संपूर्ण मजकूर त्यांना मी पुन्हा वाचून दाखवला. फक्त सही पुरेशी आहे असे मी त्यांना सांगितले होते. पुढील ओळी त्यांनी स्वतःच्या हाताने लिहिल्या असून त्या ओळ सोडून खाली उतरल्या आहेत, त्यास इलाज नाही.

साक्षीदार दुसरा: मी उत्तमराव गणूजी अकर्ते. सहदेव माहा सख्खा भाऊ. जमुना माह्या भावाची लेक हाय. म्हन्जे माही पुतनी. तिच्या वाट्याले कोनी गेला, माहा पोरगा असो का कोनी असो, त्यानं पयले माह्याशी बोलावं.